नियम कुठून आला? शिकागो, नागपाडा आणि माझ्या शीटमधल्या 41 ओळी

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना येणारे "म्हणजे" आणि "ना" थोडे कमी केलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय. लोकलमध्ये रेंज गेली की वाचायला बरं पडतं, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कळवलं होतं.

आजचा विषय आहे समाजकार्याचं शिक्षण. मला माहितीय, हे ऐकून काहींचा अंगठा पुढच्या एपिसोडकडे सरकलाय. थांबा जरा. मी बीटेक केलेला माणूस, दिवसभर कोड लिहितो. मलाही एमएसडब्ल्यूचं काही घेणंदेणं नव्हतं. पण माझ्या हातून एक चूक झाली आणि तिचं मूळ शोधता शोधता मी थेट 1893 च्या शिकागोत पोचलो.

आधी चूक सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मी शनिवार-रविवारी एका संस्थेला मदत करत होतो. त्यांना वस्तीत घरोघरी जाऊन सर्व्हे करायचा होता. ज्या बायका एकट्याने घर चालवतात, त्यांना एका योजनेचे अर्ज भरून द्यायचे होते. मी मोबाईलवर चालणारा फॉर्म बनवला. साधाच होता. नाव, वय, विवाहित की अविवाहित, मुलं किती. त्यात मी एक नियम टाकला: विवाहित असेल तर पतीचं नाव भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही. मँडेटरी फील्ड. डेटा अर्धवट येऊ नये म्हणून आम्ही हे सर्रास करतो.

सर्व्हे झाला, शीट माझ्याकडे आली. पाहतो तर 41 ओळींमध्ये पतीच्या नावाच्या जागी "एबीसी", "नाही", नुसती रेघ किंवा एक टिंब. मी काय केलं असेल? एक फिल्टर लावला आणि त्या 41 ओळी काढून टाकल्या. खराब डेटा. पाच मिनिटांचं काम. संस्थेला स्वच्छ यादी पाठवली आणि झोपलो.

नवरा सोडून गेलाय, त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, अशा बायका होत्या त्या. योजना ज्यांच्यासाठी होती, नेमक्या त्याच. फॉर्म भरणाऱ्या कार्यकर्तीने बिचारीने काहीतरी टाइप करून पुढचं बटण दाबलं होतं.

हे माझ्या लक्षात आलंच नाही. आलं ते माझ्या मावसबहिणीच्या. ताईने एमएसडब्ल्यू केलंय, आता ती फील्डवर्कच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते. जेवताना मी तिला अभिमानाने माझ्या फॉर्मबद्दल सांगत होतो. तिने विचारलं, "हा नवऱ्याच्या नावाचा नियम कुठून आला?"

मी म्हणालो, "अगं ताई, स्टँडर्ड असतं ते."

"संस्थेने सांगितलं होतं?"

"नाही."

"मग कुठून आला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग ती म्हणाली, "आमच्याकडे विद्यार्थ्यांना दर आठवड्याला हेच लिहायला लावतात. काय केलं ते लिहायचं, आणि ते का केलं, कुठल्या समजुतीवर केलं, तेही लिहायचं. शंभर वर्षं झाली असतील या खटपटीला." आणि तिने मला जेन ॲडम्सची गोष्ट सांगितली.

कालव्यावर गेलेला माणूस

शिकागो, 1889. जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार या दोन शिकलेल्या तरुणी स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत एक जुनं घर घेऊन राहायला जातात. त्या घराचं नाव हल हाउस. कल्पना लंडनच्या टॉयन्बी हॉलवरून घेतलेली: गरिबांना लांबून मदत पाठवायची नाही, त्यांच्या शेजारी राहायचं. अशा घरांना सेटलमेंट हाउस म्हणत.

1893 मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली. हिवाळ्यात कामं बंद, माणसं मदत मागायला दारात. तेव्हाच्या धर्मादाय संस्थांचा एक ठरलेला नियम होता: काम उपलब्ध असेल तर आधी ते करून पाहा, मगच मदत मागा. फुकट दिलं की माणूस आळशी होतो, ही त्यामागची समजूत. त्या काळी हेच शास्त्रशुद्ध मानलं जायचं.

एक कारकून ॲडम्सकडे पुन्हा मदत मागायला आला. कालवा खोदायचं काम सुरू होतं, तिने त्याला तिकडे जायला सांगितलं. तो म्हणाला, मी आयुष्यभर आत बसून काम केलंय, या थंडीत बाहेरचं काम मला झेपणार नाही. ॲडम्सला स्वतःलाही खात्री वाटत नव्हती, पण तिने नियम पाळला. तो माणूस गेला, दोन दिवस कालव्यावर खणलं, त्याला न्यूमोनिया झाला आणि आठवड्याभरात वारला. मागे दोन लहान मुलं.

ही गोष्ट ॲडम्सने स्वतः लिहून ठेवली आहे, 1910 च्या तिच्या आत्मकथनात. पुढे 1931 मध्ये तिला शांततेचं नोबेल मिळालं. इतक्या नावाजलेल्या बाईने आपल्या हातून झालेली ही गोष्ट लपवली नाही. त्या मुलांची खबर ती पुढेही ठेवत राहिली. आणि तिने त्यातून धडा काढला की ठरीव नियम लावून माणसांची आयुष्यं चालवता येत नाहीत, त्या माणसाचं सगळं जगणं माहीत असावं लागतं.

इथे एक गोष्ट बघा. तिने नियम मोडला नव्हता. पाळला होता. माझ्या फॉर्मचंही तेच. कोडमध्ये बग नव्हता. फॉर्म मी लिहिला तसाच चालला.

ॲडम्सने त्याआधी, 1902 च्या एका पुस्तकात, गरिबांच्या घरी चौकशीला जाणाऱ्या बाईबद्दलही लिहिलं होतं. ही बाई चांगल्या घरातली, काटकसरीचे धडे देणारी. हिला वाटतं, कारखान्यातली मुलगी इतका पगार कपड्यांवर का उडवते? हळूहळू तिला कळतं की त्या मुलीकडे घराणं नाही, मोठं घर नाही, लोक तिला कपड्यांवरूनच जोखतात. म्हणजे उधळपट्टी वाटणारी गोष्ट तिच्या बाजूने पाहिली तर शहाणपणाची. आपल्या मोजपट्टीवर शंका घ्यायला शिकणं, हे इथूनच सुरू झालेलं दिसतं.

शाळा निघाल्या

मग प्रश्न आला की हे शिकवायचं कसं? 1898 मध्ये न्यूयॉर्कमध्ये समाजकार्याचा पहिला उन्हाळी वर्ग भरला, सहा आठवड्यांचा. 1915 मध्ये अब्राहम फ्लेक्सनर नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने परिषदेत उभं राहून सांगितलं की डॉक्टरी, वकिली हे व्यवसाय आहेत. समाजकार्य अजून तसं नाही, कारण त्याचं स्वतःचं असं शिकवता येण्याजोगं तंत्र नाही. हे लोकांच्या फार जिव्हारी लागलं. दोनच वर्षांत, 1917 मध्ये, मेरी रिचमंडचं 'सोशल डायग्नोसिस' हे जाडजूड पुस्तक आलं. माहिती कशी गोळा करायची, पुरावा कसा तपासायचा, निदान कसं करायचं. थोडक्यात, आम्हालाही तंत्र आहे!

तंत्र आलं की वर्ग आला, वर्गाबरोबर परीक्षा आली. आणि वर्गात शिकलेलं एकीकडे, वस्तीत घडतं ते दुसरीकडे. आपल्या इंजिनिअरिंगमध्ये नाही का, चार वर्षं शिकतो आणि पहिल्या नोकरीत पहिल्या दिवशी वाटतं, अरे, यातलं काहीच कसं कामाला येत नाही!

या दरीवर त्यांनी एक उपाय काढला, तो मला फार आवडला. त्याला प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणतात. विद्यार्थ्याने भेटीनंतर ती सगळी भेट आठवून लिहायची: ती काय म्हणाली, मी काय म्हणालो, मग ती गप्प का झाली, तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं. मग हे घेऊन मार्गदर्शकासमोर बसायचं. ताईच्या कॉलेजात याला आयसी म्हणायचे, म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. सगळ्यांबरोबर बसायची ती जीसी, ग्रुप कॉन्फरन्स. ती म्हणते, "आयसीच्या आदल्या रात्री झोप यायची नाही. वस्तीत काय चुकलं याची भीती नसायची, ते वहीत उमटलंय याची असायची."

यामागे जो विचार होता, तो मांडणारं एक मोठं नाव म्हणजे जॉन ड्यूई. तत्त्वज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ. 1894 मध्ये ते शिकागो विद्यापीठात आले. हल हाउसशी त्यांचा जवळचा संबंध, तिथे त्यांचं नेहमी जाणंयेणं. 1910 च्या 'हाऊ वी थिंक' या पुस्तकात त्यांनी सांगितलं की विचार खऱ्या अर्थाने सुरू होतो तो अडखळल्यावर. एखादी समजूत कशाच्या आधारावर उभी आहे आणि ती मानली तर पुढे काय होतं, हे चिकाटीने तपासणं म्हणजे चिंतन. नुसता अनुभव घेऊन माणूस शिकत नाही, त्या अनुभवाकडे परत वळून पाहावं लागतं.

ड्यूई 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. कोलंबिया म्हटल्यावर तुमच्या डोक्यात जे नाव आलं, त्याच्याकडे मी येतोय. त्याआधी मुंबईत येऊ.

नागपाडा

1925 मध्ये क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचे तरुण अमेरिकन मुंबईत आले. शिकागो विद्यापीठात धर्मशास्त्र शिकलेले, अमेरिकन मराठी मिशनमार्फत आलेले. पुढच्याच वर्षी त्यांनी नागपाड्यात नेबरहुड हाउस सुरू केलं, सेटलमेंट हाउसच्या धर्तीवर. भायखळ्याच्या बाजूची ही दाट, अनेक धर्मांची, कष्टकऱ्यांची वस्ती.

आता, सेवा आपल्याला अमेरिकनांनी शिकवली, असं मला मुळीच म्हणायचं नाही. विठ्ठल रामजी शिंद्यांनी 1906 मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं होतं. ना. म. जोशींनी 1911 मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढून कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं चालवली होती. काम भरपूर चालू होतं. या कामाचं पद्धतशीर शिक्षण देणारी, पदवीनंतर शिकायची संस्था मात्र नव्हती.

ती 1936 मध्ये निघाली: सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क. मॅन्शार्ट पहिले संचालक. आणि सुरुवात कुठे झाली? नागपाड्याच्या त्याच घरात. वर्ग सुटला की बाहेर वस्तीच. 1944 मध्ये तिचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं, आपण जिला टिस म्हणतो. 1954 मध्ये ती देवनारला गेली. पुढच्याच वर्षी मुंबईत निर्मला निकेतन आलं, 1963 मध्ये पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था. आठवड्यातले काही दिवस वर्ग, काही दिवस फील्डवर्क, मग रेकॉर्डिंग, मग आयसी, ही घडण सगळीकडे पसरली.

पण एक अडचण होती, आणि भारतातल्याच समाजकार्याच्या प्राध्यापकांनी ती पुढे मोकळेपणाने मांडली. पुस्तकं अमेरिकेची होती. त्यात व्यक्तीची अडचण होती, कुटुंबातला ताण होता, परिस्थितीशी जुळवून घेणं होतं. जात नव्हती. मग विद्यार्थी वहीत प्रामाणिकपणे लिहिणार की बाई बोलायला संकोचत होत्या, मी विश्वास कमावण्यात कमी पडलो. पण त्यांनी मला पाणी का विचारलं नाही? की त्यांना वाटलं, हा आपल्या हातचं पिणार नाही? पुस्तकातच तो प्रश्न नसेल, तर कितीही मनापासून चिंतन केलं तरी वहीत येणार कुठून?

त्याच वर्षी, त्याच शहरात

आता ते नाव. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 कोलंबियात होते आणि ड्यूई त्यांचे शिक्षक होते. 1936 मध्ये, ज्या वर्षी नागपाड्यात टाटांची शाळा सुरू झाली त्याच वर्षी, मुंबईतूनच बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' स्वतः छापून प्रसिद्ध केलं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं हे भाषण मंडळाला पचलं नाही, सभाच रद्द झाली होती. त्यात ते ड्यूईंचा उल्लेख करतात आणि आपण त्यांचे ऋणी आहोत असं सांगतात.

मी ते पुन्हा उघडलं तेव्हा एका जागी थबकलो. बाबासाहेब तिथे नियम आणि तत्त्व यांतला फरक सांगतात. नियम म्हणजे अमुक वेळी अमुक कर, अशी आज्ञा. पाककृतीसारखी. तत्त्व म्हणजे काय करायचं हे ठरवण्यासाठी तपासायची पद्धत. नियम पाळणाऱ्यावर जबाबदारी येत नाही, तो म्हणतो मी सांगितलं तसं केलं. तत्त्वाने चालणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी स्वतः विचार करावा लागतो आणि चुकलं तर ते त्याचं असतं. बाबासाहेब हे बोलतायत धर्माच्या नावाने लादलेल्या नियमांबद्दल. पण मला कालव्यावर गेलेला तो कारकून आठवला. आणि माझं मँडेटरी फील्डही.

म्हणजे ड्यूईंचा विचार मुंबईत दोन वाटांनी पोचलेला दिसतो. एक वाट हल हाउसच्या धर्तीवरून नागपाड्याच्या वर्गात आली. तिथला प्रश्न: मी या माणसाशी नीट वागलो का? दुसरी कोलंबियातून दादरच्या राजगृहात. तिथला प्रश्न: ज्या व्यवस्थेत आम्ही दोघं समोरासमोर उभे आहोत, ती कोणी केली आणि ती कोणाच्या फायद्याची? दोन जागांमध्ये अंतर काही किलोमीटरचं. समाजकार्याच्या वर्गात हे दोन प्रश्न एकत्र यायला मात्र कित्येक दशकं गेली.

चिंतनाला 'चिकित्सक' कधी जोडलं गेलं

बाहेर काय चाललं होतं ते पटकन सांगतो. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे शेतमजुरांना अक्षरं शिकवत होते. त्यांचं पुस्तक 1970 मध्ये इंग्रजीत आलं आणि जगभर गेलं. त्यांचं म्हणणं: नुसतं काम केलं तर ती धावपळ, नुसतं चिंतन केलं तर ती पोकळ बडबड, दोन्ही एकत्र हवं, आणि ते ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्यासोबत हवं. 1983 मध्ये एमआयटीच्या डोनाल्ड शॉनने दाखवलं की चांगला व्यावसायिक आधी शिकलेला सिद्धांत नुसता लावत बसत नाही, तो काम करता करताच विचार करतो आणि त्यातून नवं ज्ञान तयार होतं. मग ऑस्ट्रेलियाच्या जॅन फूक यांनी समाजकार्यासाठी या सगळ्याची पद्धत बसवली: आपल्याला बोचलेला एक प्रसंग गटासमोर ठेवायचा, आणि त्यात आपण काय गृहीत धरलं होतं, ते आपल्या हातात असलेल्या सत्तेतून कसं आलं, हे इतरांच्या मदतीने उलगडायचं. चिकित्सक चिंतन म्हणतात ते हे.

मुंबईत याचं फळ वर्गाबाहेर दिसलं. 1984 मध्ये टिसने मुंबई पोलिसांसोबत महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. घरात मार खाणारी बाई पोलिसांकडे येते, तर समाजकार्यकर्तीने तिथेच, पोलीस यंत्रणेच्या आतच बसायला हवं. घरातली मारहाण म्हणजे 'घरगुती भांडण', या समजुतीलाच दिलेलं ते आव्हान होतं. 1996 मध्ये टिसमधूनच चाइल्डलाइन 1098 प्रयोग म्हणून सुरू झाली. मूल संस्थेपर्यंत येईल याची वाट बघायची नाही, त्याला फोन करता आला पाहिजे. दोन्ही ठिकाणी सिद्धांत बदलला तो फील्डमधल्या अनुभवाने, आणि अनुभवाचा अर्थ लागला तो सिद्धांताने.

परत त्या 41 ओळी

ताईने मला आयसीला बसवलं. खरंच! म्हणाली, एक पान लिही. मी आमच्या ऑफिसच्या पद्धतीने लिहिलं. सिस्टिम बंद पडली की आम्ही पोस्टमॉर्टेम लिहितो: काय बिघडलं, कधी, कसं दुरुस्त केलं, कोणावर दोष न ठेवता. मी लिहिलं, "व्हॅलिडेशनचा नियम फार कडक होता, तो ऐच्छिक करावा."

ताईने वाचलं आणि म्हणाली, "यात तू कुठे आहेस?"

दुसऱ्यांदा लिहिताना लक्षात आलं. मी वाढलो त्या घरात प्रत्येक कागदावर बाबांचं नाव आधी. शाळेचा फॉर्म, गॅसचं कार्ड, सोसायटीची पाटी. घर म्हणजे पुरुषाचं नाव, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, मी ते घरून आणलं होतं आणि कोडमध्ये लिहिलं होतं. गंमत म्हणजे 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे रेशनकार्डासाठी घरातली 18 वर्षांवरची सगळ्यात मोठी स्त्री कुटुंबप्रमुख धरतात. सरकारी कागद माझ्या पुढे होता! आणि त्या ओळी गाळताना मी एकदाही कार्यकर्तीला फोन करून विचारलं नाही की ही "एबीसी" कोण आहे. तिला सगळं माहीत होतं. पण माझ्या लेखी ती डेटा एंट्री करणारी होती.

मूळ शीटचा बॅकअप होता, 41 ओळी परत मिळाल्या. कार्यकर्त्या पुन्हा घरोघर फिरल्या. बऱ्याच जणींचे अर्ज झाले. काही घरं तोवर दुसरीकडे गेली होती, त्या बायका सापडल्या नाहीत. त्यांची नावं माझ्याकडे आहेत, पत्ता नाही.

आता मी फॉर्म बनवताना प्रत्येक सक्तीच्या रकान्यासमोर एक ओळ लिहितो: हा नियम कुठून आला? आणि फॉर्म पहिल्यांदा भरून घेतो तो वस्तीत जाणाऱ्या बाईंकडून, ऑफिसमधल्या मित्राकडून नाही. ॲडम्सने लिहिलेलं कोणीतरी वर्गात शिकवलं, ते ताईपर्यंत आलं, म्हणून मला हे कळलं.

तुम्ही शिक्षक असाल, नर्स असाल, बँकेच्या काउंटरवर असाल, कोड लिहीत असाल. तुम्ही अगदी नीट पाळलेल्या एखाद्या नियमाने कोणाचं नुकसान झालं होतं का? एक पान लिहून बघा. पाठवावंसं वाटलं तर व्हॉइस नोट पाठवा, नाव न सांगता पुढच्या भागात घेऊ. आणि जवळपास कोणी एमएसडब्ल्यूचं विद्यार्थी असेल, तर त्यांना त्यांच्या फील्डवर्कच्या वहीबद्दल जरूर विचारा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!